डुकराचे हृदय आणि न बोलावलेला पाहुणा

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, एक अभूतपूर्व शस्त्रक्रिया झाली. डेव्हिड बेनेट नावाचे ५७ वर्षांचे गृहस्थ हृदयविकाराने अंथरुणाला खिळले होते. माणसाचे हृदय त्यांना मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा शल्यविशारद बार्टली ग्रिफिथ आणि त्यांचे सहकारी मुहम्मद मोहिउद्दीन यांनी त्यांचे निकामी झालेले हृदय काढले आणि त्या जागी चक्क डुकराचे हृदय बसवले. ते हृदय धडधडू लागले! त्याने बेनेट यांना दोन महिने साथ दिली. ८ मार्चला ते वारले.

हे वृत्त तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. पण त्याचा उत्तरार्ध फारसा कोणाच्या लक्षात नाही. शस्त्रक्रियेनंतर विसाव्या दिवशी बेनेट यांच्या रक्ताची एक विशेष तपासणी झाली. तीत डुकरांच्या एका विषाणूचा अंश अगदी थोड्या प्रमाणात दिसला. पुढे त्याचे प्रमाण वाढत गेले. या विषाणूचे नाव वराह-सायटोमेगॅलोव्हायरस. तो डुकरांत आढळतो. म्हणजे तो हृदयाबरोबरच आला, हे उघड होते. आणि गंमत अशी, की ते डुक्कर खास बंदिस्त जागेत वाढवलेले होते. याच विषाणूसाठी त्याची पुन्हापुन्हा तपासणीही झाली होती. दर वेळी उत्तर आले होते : 'विषाणू सापडला नाही.'

मग तो आला कसा? विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचा उलगडा करताना आपल्याला जीवशास्त्र लागेल, थोडे गणित लागेल, आणि माझ्या विषयातला, म्हणजे पदार्थविज्ञानातला, एक साधा धडाही लागेल.

डुक्करच का?

मूत्रपिंड, हृदय, यकृत यांपैकी एखादा अवयव निकामी झाला, की दुसऱ्या माणसाचा अवयव बसवणे हा आज उत्तम उपाय आहे. पण मागणी फार आणि पुरवठा थोडा. एकट्या अमेरिकेत अवयवाची वाट पाहणाऱ्यांची यादी एक लाखाच्या वर आहे. आपल्याकडेही असे रुग्ण वर्षानुवर्षे डायलिसिसवर दिवस काढताना दिसतात. त्यामुळे प्राण्यांचे अवयव वापरता येतील का, हा विचार जुनाच आहे.

प्रथम शास्त्रज्ञांची नजर माकडांकडे वळली. १९८४ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे एका नवजात बालिकेला बबून माकडाचे हृदय बसवले होते. ती सुमारे तीन आठवडे जगली. पण माकडे सावकाश वाढतात, एका वेळी बहुधा एकच पिलू देतात, आणि त्यांचे विषाणू आपल्याला सहज मानवतात, कारण ती आपली जवळची नातेवाईक आहेत. डुकराचे तसे नाही. त्याचा गर्भकाळ अवघा ११४ दिवसांचा. एका वेतात आठ-दहा पिले. अवयवांचे आकारमान माणसाच्या अवयवांशी जुळते. आणि नाते दूरचे!

तुम्ही म्हणाल, डुकराच्या हृदयातील झडपा तर माणसाला कितीतरी वर्षे बसवत आले आहेत, मग आताच ही काळजी का? कारण सोपे आहे. त्या झडपा रसायनांत मुरवलेल्या असतात. त्यांतील पेशी मेलेल्या असतात, आणि विषाणू तर जिवंत पेशीवाचून वाढूच शकत नाही. आता बसवला जातो तो जिवंत अवयव. त्यात अब्जावधी जिवंत पेशी असतात आणि त्या पेशींत कोण कोण राहत आहे हे आधी समजायला हवे.

पडलेली कुंपणे

एरवी आपल्या शरीराभोवती तीन कुंपणे असतात. पहिले कातडीचे आणि श्लेष्मल त्वचेचे. दुसरे रोगप्रतिकारक पेशींचे. तिसरे कुंपण थोडे निराळे आहे. डुकराच्या पेशींवर 'अल्फा-गॅल' नावाची एक साखर असते. माणसाच्या पेशींवर ती नसते. म्हणून आपल्या रक्तात या साखरेविरुद्ध प्रतिपिंडे आयतीच तयार असतात. डुकराच्या पेशीतून बाहेर पडणारे अनेक विषाणू त्या पेशीच्या पटलाचेच पांघरूण घेऊन निघतात. त्या पांघरुणावरही ही साखर असते. साहजिकच आपली प्रतिपिंडे विषाणूला दारातच ओळखतात आणि त्याचा नाश करतात.

आता अवयवरोपणात काय होते ते पाहा. अवयव थेट रक्तवाहिन्यांना जोडला जातो. पहिले कुंपण गेले. शरीराने अवयव नाकारू नये म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली जातात. दुसरे कुंपण खाली आले. आणि तिसरे? साध्या डुकराचा अवयव बसवला, तर याच साखरेमुळे तो काही मिनिटांत किंवा तासांत काळानिळा पडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी ही साखर तयार करणारे जनुकच डुकरातून काढून टाकले. बेनेट यांच्यासाठी वापरलेल्या डुकरात असे एकूण १० जनुकीय बदल केलेले होते. चार डुकराची जनुके बंद केली होती आणि सहा माणसाची जनुके घातली होती. अवयव टिकावा म्हणून हे आवश्यकच होते. पण परकेपणाची खूण पेशीवरून पुसली, की ती विषाणूच्या पांघरुणावरूनही पुसली जाते! अवयवाला आत घेण्यासाठी उघडलेले दार विषाणूलाही उघडे राहते.

तीन तऱ्हेचे पाहुणे

डुकराबरोबर येऊ शकणाऱ्या विषाणूंचे आपण सोयीसाठी तीन गट करू.

पहिला गट वाटसरूंचा. हे बाहेरून येतात, प्राण्याला आजारी पाडतात किंवा काही दिवस राहून निघून जातात. इन्फ्लुएंझाचा विषाणू या गटातला. २००९ साली जगभर पसरलेल्या स्वाइन फ्लूच्या विषाणूची जनुके डुकरांतील फ्लूच्या विषाणूंपासून आलेली होती. त्या साथीतील भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. पुण्यातल्या शाळा तेव्हा बंद ठेवाव्या लागल्या. तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर तुमच्या आईवडिलांना आठवत असेल.

वाटसरूंना अडवणे तुलनेने सोपे आहे. डुकराची पिले शस्त्रक्रियेने जन्माला घालायची, आईपासून लगेच वेगळी करायची, गाळलेली हवा आणि निर्जंतुक खाद्य असलेल्या इमारतीत वाढवायची, आणि ठराविक काळाने तपासत राहायचे. मात्र येथे एक अट आहे. वाटसरूचे नाव ठाऊक हवे. १९९८-९९ साली मलेशियात डुकरे पाळणाऱ्या लोकांत मेंदूज्वराची साथ आली. प्रथम तो जपानी मेंदूज्वरच समजला गेला आणि त्यावरचे उपाय चालू झाले. साथ थांबेना. खरा गुन्हेगार निघाला वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आलेला एक विषाणू. तोपर्यंत त्याला नावच नव्हते! सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह म्हणू लागले. मलेशियात २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले, आणि दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली. ज्याची ओळखच नाही, त्याची चाचणी कशी करणार?

दुसरा गट दबा धरून बसणाऱ्यांचा. लहानपणी कांजिण्या आलेल्या माणसाला म्हातारपणी कधी कधी 'नागीण' होते, हे तुम्ही ऐकले असेल. दोन्हींचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही. तो मज्जापेशींत पन्नास-साठ वर्षे गुपचूप पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की डोके वर काढतो. बेनेट यांच्याकडे आलेला वराह-सायटोमेगॅलोव्हायरस याच हर्पिस कुळातला. डुक्कर ठणठणीत दिसते, पण विषाणू ऊतींमध्ये खोल दडलेला असतो.

हा विषाणू माणसाच्या पेशींत वाढतो, असा पुरावा मिळालेला नाही. पण तो बसवलेल्या अवयवात वाढतो आणि तेवढे पुरे होते. जर्मनीतील संशोधकांनी डुकरांची हृदये बबून माकडांना बसवली होती. २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणूविरहित हृदये मिळालेल्या माकडांपैकी काही १९५ दिवसांपर्यंत जगली. ज्यांच्या हृदयाबरोबर हा विषाणू आला होता, त्यांपैकी एकही माकड महिन्यापलीकडे गेले नाही. बेनेट यांच्या मृत्यूला अनेक कारणे असावीत असे त्यांचे डॉक्टर सांगतात, पण हा विषाणू त्यांतील एक असण्याची शक्यता ते नाकारत नाहीत.

तिसरा गट सर्वांत विलक्षण. हे पाहुणे नव्हेतच, घरचेच झालेले आहेत. रेट्रोव्हायरस नावाचे विषाणू आपले जननद्रव्य आर.एन.ए.च्या रूपात आणतात, त्याची उलट नक्कल करून डी.एन.ए. बनवतात आणि ते यजमान पेशीच्या डी.एन.ए.मध्ये टाचून टाकतात. अशी टाचणी एखाद्या बीजपेशीत झाली, तर ती पुढच्या पिढीत वारशाने उतरते. डुकरांच्या पूर्वजांत हे फार पूर्वी घडले. आज प्रत्येक डुकराच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात या विषाणूच्या अनेक प्रती लिहिलेल्या आहेत. त्यांना संक्षेपाने 'पर्व्ह' म्हणतात. यात हसण्यासारखे काही नाही बरे का! तुमच्या-माझ्या डी.एन.ए.चाही सुमारे ८ टक्के भाग अशाच प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे.

पर्व्हपुढे बंदिस्त इमारत कुचकामी ठरते. न्यूझीलंडच्या दक्षिणेस ऑकलंड नावाची ओसाड बेटे आहेत. गलबते फुटून तेथे अडकणाऱ्या खलाशांना अन्न मिळावे म्हणून १८०७ साली तेथे डुकरे सोडली गेली. जवळजवळ दोन शतके ती जगापासून तुटलेली राहिली. त्यामुळे डुकरांचे अनेक नेहमीचे रोग त्यांच्यात नव्हते, आणि म्हणून १९९९ नंतर संशोधकांनी त्यांना वैद्यकीय कामासाठी आणले. पण पर्व्ह? तो त्यांच्यातही होताच. जो वारशाने येतो, त्याला समुद्र काय अडवणार!

अमीटरचा धडा

आता माझ्या विषयाकडे वळतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला अमीटर घ्या. समजा, त्याचे लघुतम माप ०.१ अँपिअर आहे. परिपथातून ०.०१ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर काटा शून्यावरच दिसेल. वहीत तुम्ही 'प्रवाह = ०' असे लिहिलेत, तर ते चूक. 'या उपकरणाला दिसेल एवढा प्रवाह नाही' इतकेच तुम्ही म्हणू शकता.

दुसरे असे, की अमीटर कितीही नाजूक असला तरी तो परिपथाच्या भलत्या शाखेत जोडला, तर काटा हलणार नाही. बाल्टिमोरच्या डुकराच्या बाबतीत हेच घडले असावे. त्याच्या नाकातील स्रावाचे नमुने तपासले गेले होते. पण दबा धरून बसलेला विषाणू नाकात येत नाही. चाचणी चांगली होती. शाखा चुकीची होती. यावर उपाय आहे. विषाणू लपला तरी त्याच्याविरुद्ध डुकराच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडे रक्तात राहतात. चोर दिसला नाही, तरी पावलांचे ठसे दिसतात! म्हणून विषाणूबरोबर प्रतिपिंडेही शोधावीत, असा आग्रह आता धरला जातो.

१६० रुग्णांचे गणित

१९९७ साली लंडनमध्ये रॉबिन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी आणि माणसाच्या पेशी एकत्र वाढवल्या, तेव्हा पर्व्ह माणसाच्या पेशींत शिरला. बशीतला प्रयोग तो! पण त्याने एकच खळबळ उडाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, लागण ओळखण्याची भरवशाची पद्धत तयार होईपर्यंत, डुकरांच्या पेशी वापरणाऱ्या चाचण्या थांबवल्या.

मग शास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती केली. ज्या माणसांचा डुकराच्या जिवंत पेशींशी पूर्वीच संबंध आला आहे, त्यांनाच तपासले. काहींना भाजल्यावर डुकराची कातडी लावली होती, काहींना स्वादुपिंडाच्या पेशी दिल्या होत्या, काहींचे रक्त डुकराच्या प्लीहेतून फिरवून आणले होते. अशा १६० जणांचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. पर्व्हची लागण एकालाही झालेली आढळली नाही. आनंदाची गोष्ट! पण या शून्याचा अर्थ किती?

कागद-पेन्सिल घ्या. समजा, लागण होण्याची शक्यता दर रुग्णामागे १०० मध्ये १ आहे. म्हणजे एक रुग्ण सुटण्याची शक्यता ०.९९. सर्व १६० जण सुटण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९ हीच संख्या १६० वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर येते ०.२०. म्हणजे शंभरात एकाला लागण होण्याइतका धोका असूनही, पाचांतल्या एका वेळी आपल्याला १६० पैकी शून्यच दिसले असते! शक्यता १०० मध्ये २ धरली, तर हे उत्तर ०.०४ येते. म्हणून या अहवालाच्या आधारे आपण जवळजवळ खात्रीने एवढेच म्हणू शकतो, की धोका शेकडा दोनांहून कमी आहे. तो हजारात एक असेल, लाखात एक असेल किंवा मुळीच नसेल. १६० जणांवरून ते कळत नाही. शिवाय त्यांतील पुष्कळांचा डुकराच्या पेशींशी आलेला संबंध अल्पकाळचा होता. बसवलेले मूत्रपिंड मात्र महिनोन्‌महिने रक्तात असते.

कात्रीचा उपाय

घरचाच झालेल्या विषाणूला घालवायचे, तर मूळ लेखनच खोडले पाहिजे. क्रिस्पर नावाच्या रेणवीय कात्रीने हे शक्य झाले. २०१५ साली जॉर्ज चर्च, लुहान यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या डुकराच्या पेशींतील पर्व्हच्या सर्वच्या सर्व ६२ प्रती एकदम निकामी करून दाखवल्या. २०१७ साली अशा प्रकारे पर्व्ह निकामी केलेली जिवंत पिले जन्माला आली.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ६२ वर्षांच्या एका रुग्णाला अशाच डुकराचे मूत्रपिंड बसवले. त्या डुकरात ६९ बदल होते : ३ जनुके काढलेली, ७ मानवी जनुके घातलेली, आणि बाकीचे ५९ केवळ पर्व्ह निकामी करण्यासाठी. तो रुग्ण दोन महिन्यांनी वारला, पण मूत्रपिंडाने दगा दिला असे दिसले नाही. याच रुग्णालयात जानेवारी २०२५ मध्ये बसवलेले दुसरे एक मूत्रपिंड २७१ दिवस चालले.

सर्वच शास्त्रज्ञांना इतकी कापाकापी आवश्यक वाटत नाही. आजवर एकाही रुग्णाला पर्व्हची लागण झालेली आढळलेली नाही, तेव्हा नीट पाळत ठेवली की पुरे, असे दुसरा पक्ष म्हणतो. बेनेट यांना दिलेल्या हृदयातील पर्व्ह निकामी केलेला नव्हता. २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही प्रकारच्या डुकरांच्या मूत्रपिंडांच्या रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. कोणाचे म्हणणे खरे ते रुग्णांची संख्या वाढेल तसे उमगेल. वरचे गणित आठवा. शून्याचे वजन संख्येबरोबर वाढते.

संमती कोणाची?

एखादे नवे औषध घ्यायचे की नाही, हे रुग्णाने ठरवावे. धोका त्याचा, निर्णय त्याचा. येथे मात्र तसे नाही. माणसात रुळलेला नवा विषाणू रुग्णाच्या घरी जाईल, शेजारी जाईल, बसमध्ये बसेल. एड्सचा विषाणू हाही रेट्रोव्हायरसच. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिंपांझींकडून माणसात आला. पण रोग म्हणून त्याची नोंद झाली १९८१ साली. मधली अनेक दशके तो कोणाच्या नकळत पसरत होता. शेजाऱ्यांची संमती मात्र कोणीही विचारलेली नसते.

म्हणून २००१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने कडक नियम सुचवले. रुग्णावर जन्मभर लक्ष ठेवायचे. त्याने आणि त्याच्या निकटच्या माणसांनी रक्तदान करायचे नाही. डुकराचे आणि रुग्णाचे नमुने पन्नास वर्षे जपून ठेवायचे, म्हणजे उद्या नवा रोग दिसला तर मागे जाऊन पाहता येईल.

पण यातूनच एक अवघड पेच उभा राहतो. वैद्यकीय प्रयोगात भाग घेणाऱ्या कोणालाही केव्हाही त्यातून बाहेर पडण्याचा हक्क असतो, हे जगाने मान्य केलेले तत्त्व आहे. मग पाच वर्षांनी रुग्ण म्हणाला, "आता मला तपासण्या नकोत, मला माझे आयुष्य जगू द्या," तर? त्याच्यावर सक्ती करायची, की समाजाने जोखीम पत्करायची? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात अवश्य चर्चेला घ्यावा. दोन्ही बाजूंनी बोलणारी मुले मिळतील, आणि दोन्ही बाजूंना चांगली कारणे सापडतील.

चर्चा करताना एक मात्र विसरू नका. पलीकडच्या पारड्यात अवयवाविना मरणारी माणसे आहेत. धोका शून्य झाल्याशिवाय काहीच करायचे नाही, असे ठरवले तर ती मरतच राहतील, कारण शून्य सिद्ध करणारे उपकरण अस्तित्वात नाही. आपल्या हाती एवढेच, की उपकरणाचे लघुतम माप कमी करत जायचे, ते योग्य शाखेत जोडायचे, आणि काटा हलला तर ते उघडपणे सांगायचे. बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णात सापडलेला विषाणू दडवून ठेवला नाही. तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्या रुग्णांसाठी चाचण्या सुधारल्या त्या यामुळेच.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'काहीही धोका आढळला नाही' असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. कशाने शोधले? कोठे शोधले? आणि किती जणांत शोधले? उत्तरे मिळाली, तर बातमी खरी समजली असे म्हणा.